नाताळच्या गोष्टीतला कॅप्टन आणि आमचं जालना

नोव्हेंबर संपत आला की इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात एका ठरावीक गोष्टीचं पीक येतं. लघुकथा, फार तर दीर्घकथा. काळ १८१५च्या आसपासचा. इंग्लंडच्या एखाद्या खेड्यातला जुना वाडा, बाहेर बर्फ, आत शेकोटी आणि लढाईवरून परतलेला एक जखमी कॅप्टन. नायिका बहुधा त्या घरातली गरीब नातलग, नाहीतर मुलांना शिकवणारी बाई. नाताळच्या आदल्या रात्री बर्फाने रस्ते बंद होतात, कॅप्टन वाड्यात अडकतो आणि २५ तारखेच्या सकाळी लग्न ठरलेलं असतं.

या गोष्टींना मी हसत नाही. जॉर्जेट हेयर या लेखिकेने १९३५ साली ‘रीजन्सी बक’ लिहून त्या काळाला जी लोकप्रियता मिळवून दिली, ती अजून ओसरलेली नाही. ‘ब्रिजर्टन’ ही मालिका नेटफ्लिक्सवर आली तीही २५ डिसेंबर २०२० या दिवशी. दोन वर्षांनी तिच्या दुसऱ्या भागात मुंबईहून आलेल्या शर्मा बहिणी दिसल्या, तेव्हा आमच्याकडच्या कॉलेजातल्या मुलीही ती आवडीने पाहू लागल्या. आमच्या घरात तर त्यावरून वादसुद्धा झाले.

माझा प्रश्न साधा आहे. हा कॅप्टन येतो कुठून? गोष्टीत एक वाक्य हमखास असतं, की तो वेलिंग्टनच्या हाताखाली लढला. स्पेनमध्ये, नाहीतर वॉटर्लूला. आणि वेलिंग्टन लढायला शिकला कुठे? मी नवीन जालन्यात राहतो. त्या जागेला आमच्या जिल्ह्यातलं एखादं गाव म्हणून ओळखणारे इंग्रजी वाचक फार नसतील. ते गाव म्हणजे आसई. इंग्रजीत ‘असाये’.

२३ सप्टेंबर १८०३. वेलिंग्टन तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली होता. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज, संख्येने कितीतरी मोठी, शिवाय कवायती पलटणी आणि उत्तम तोफखाना. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. वाटाडे सांगत होते की नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिलं की दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत. मग लोक ये-जा करत असणारच, म्हणजे उतार असणारच. तो होता. कंपनीची सुमारे १६०० माणसं मेली किंवा जखमी झाली. त्यांत देशी शिपायांची संख्या मोठी होती. पुढे म्हातारपणी वेलिंग्टनला कुणी विचारलं की तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, तेव्हा त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, आसईचं घेतलं. त्याआधी तीन आठवडे, २ सप्टेंबरला, कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला होता.

म्हणजे नाताळच्या गोष्टीतला तो वाडा, ती शेकोटी आणि कॅप्टनच्या छातीवरचं पदक यांचा एक धागा कुंडलिका आणि केळणेच्या काठापर्यंत येतो. गोष्टीत तो येत नाही, इतकंच. ‘हिंदुस्थानातून पैसा कमावून आलेला काका’ एवढीच आपली हजेरी.

निकाह झालेला रेसिडेंट

खरी प्रेमकथा मात्र त्याच वर्षांत, त्याच निजामी मुलखात घडत होती. हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा बेगम. विल्यम डॅलरिंपल यांच्या ‘व्हाइट मुघल्स’ (२००२) या पुस्तकामुळे ती आता अनेकांना माहीत आहे, म्हणून सगळी सांगत बसत नाही. खैरुन्निसा हैदराबादच्या एका सय्यद खानदानातली. लग्न मुस्लिम रिवाजाने झालं. त्यासाठी कर्कपॅट्रिकने इस्लाम स्वीकारला होता, असं डॅलरिंपल कागदपत्रांवरून दाखवतात. कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होता रिचर्ड वेलस्ली, म्हणजे आर्थरचा थोरला भाऊ. त्याने या लग्नाची चौकशी लावली. आपला रेसिडेंट एका मुसलमान घरचा जावई झाला, हे त्याला रुचणारं नव्हतं.

दोन मुलं झाली. साहिब आलम १८०१ साली आणि साहिब बेगम १८०२ साली. १८०५ मध्ये मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवायचं ठरलं. निघण्यापूर्वी मद्रासला जॉर्ज चिनरीने त्यांचं चित्र काढलं. ते आजही पाहायला मिळतं. दोघंही हैदराबादी पोशाखात, मोठ्या डोळ्यांची. सप्टेंबरात जहाज सुटलं. १५ ऑक्टोबरला कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. मुलं समुद्रावर होती. १८०५चा नाताळ त्यांनी जहाजावर काढला. बाप गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं, आई कधीच दिसणार नाही हेही माहीत नव्हतं. चार वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी, दोघांची बोली दख्खनी. पुढच्या मार्चमध्ये लंडनला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नावं बदलली. विल्यम जॉर्ज आणि कॅथरीन ऑरोरा. कॅथरीनला सगळे किटी म्हणू लागले.

नाताळची ऐतिहासिक प्रेमकथा कुणाला लिहायचीच असेल तर ती या जहाजावरून सुरू व्हायला हवी, असं मला वाटतं. बर्फ नाही, शेकोटी नाही, आणि ज्यांच्या प्रेमाची गोष्ट आहे ते दोघंही तिथे नाहीत.

पुढचा भाग थेट जालन्याला येऊन मिळतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कर्कपॅट्रिकचा सहायक होता हेन्री रसेल. कर्कपॅट्रिक गेल्यावर खैरुन्निसा कलकत्त्याला त्याच्या कबरीवर गेली. तिथे रसेलने तिला आधार दिला आणि तो आधार लवकरच वेगळ्या नात्यात बदलला. हैदराबादेत त्याची बदनामी झाली. तिला परत शहरात येण्याची बंदी झाली आणि तिला मच्छलीपट्टणमला राहावं लागलं. रसेल येईल म्हणून ती वाट पाहत राहिली. त्याने मद्रासला दुसऱ्या बाईशी लग्न केलं. १८१३ साली खैरुन्निसा हैदराबादेत वारली. तेव्हा तिशीही ओलांडलेली नव्हती.

हाच रसेल १८११ ते १८२० हैदराबादचा रेसिडेंट होता. निजामाच्या खर्चाने त्याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज उभी केली, तिला त्याच्याच नावावरून ‘रसेल ब्रिगेड’ म्हणत. तिचीच पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ झाली. या कंटिंजंटच्या खर्चाचं देणं थकलं म्हणून १८५३च्या तहात निजामाला वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूरचा दोआब इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. आणि या कंटिंजंटची एक छावणी आमच्या जालन्यात होती. ती १९०३ साली हलली. छावण्या गेल्या तरी त्यांच्या बाजारांची नावं मागे राहतात. आमच्याकडचं ‘सदर बाजार’ हे नाव त्याच भाषेतलं आहे.

नागपूरचा जुम्मा दरवाजा

आता एक नाताळ खराखुरा, तारखेसह. तैनाती फौजेचं जालना हे तेव्हा मोठं ठाणं होतं. १८१७च्या अखेरीस नागपूरला सीताबर्डीची लढाई झाली आणि आमच्या भागातली फौज घेऊन जनरल डव्हटन नागपूरकडे धावला. १२ डिसेंबरला पोहोचला. १६ तारखेला आप्पासाहेब भोसले स्वतः इंग्रजांकडे आले, पण फौजेने हत्यारं ठेवली नाहीत. लढाई झाली. त्यानंतर भोसल्यांच्या चाकरीतले अरब सैनिक शहरात ठाण मांडून बसले. २४ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, डव्हटनने जुम्मा दरवाजावर हल्ला चढवला. रॉयल स्कॉट्स पलटणीचे गोरे त्यात पुढे होते. हल्ला फसला. इंग्रजांना मागे फिरावं लागलं. तोच दरवाजा आज गांधी गेट म्हणून ओळखला जातो.

पुढे काय झालं? अरबांनी वाटाघाटी केल्या. मागण्या फार नव्हत्या. बायकामुलं, सामानसुमान घेऊन सुखरूप जाऊ द्या. महिनाअखेरीस ते शहर सोडून गेले. इंग्रजी लष्करी इतिहासात याला पाच-सहा ओळी मिळतात. मराठी इतिहासात अरबांना तर एवढ्याही मिळत नाहीत. निजामाच्या, भोसल्यांच्या, पेशव्यांच्या चाकरीत आलेले हे अरब इथल्याच बायकांशी लग्नं करून इथलेच झाले. त्यांची लेकरं मराठी आणि दख्खनी बोलत वाढली. ‘बायकामुलांसह जाऊ द्या’ ही अट ज्यांनी घातली, त्यांच्या घरात प्रेमाच्या गोष्टी नसतील का? त्या रात्री दरवाजाच्या एका बाजूला जखमी गोरे शिपाई नाताळची पहाट पाहत होते आणि दुसऱ्या बाजूला ही कुटुंबं होती. इंग्रजी कथालेखक पहिल्या बाजूला सहज जाईल. दुसऱ्या बाजूला जायला निदान आपण तरी हवं होतं.

डिकन्सचा नाताळ अंक

नाताळ आणि गोष्ट यांची जोडी लोकप्रिय केली ती चार्ल्स डिकन्सने. ‘अ ख्रिसमस कॅरल’ १९ डिसेंबर १८४३ला निघालं. नंतर तो आपल्या साप्ताहिकाचे खास नाताळ अंक काढू लागला. १८५७चा अंक मात्र वेगळा होता. हिंदुस्थानात उठाव पेटला होता. ऑक्टोबरमध्ये डिकन्सने एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात, आपण हिंदुस्थानातले सरसेनापती असतो तर ही जमातच पृथ्वीवरून पुसून टाकली असती, अशा अर्थाचा मजकूर आहे. गरिबांसाठी रडणारा, स्क्रूजचं मन पालटवणारा लेखक तो हाच. त्याचा मुलगा वॉल्टर त्याच वर्षी कंपनीच्या फौजेत भरती होऊन इकडे आला होता, ही गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. हा वॉल्टर १८६३च्या शेवटच्या दिवशी कलकत्त्यात वारला.

त्या नाताळ अंकासाठी डिकन्स आणि विल्की कॉलिन्स यांनी मिळून ‘द पेरिल्स ऑफ सर्टन इंग्लिश प्रिझनर्स’ ही कथा लिहिली. वरवर पाहता काळ १७४४, ठिकाण मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याजवळचं एक बेट. एक साधा मरीन शिपाई, गिल डेव्हिस, आपल्या वर्गापेक्षा फार वरच्या मिस मेरियनवर मनातल्या मनात प्रेम करतो. तिला चाच्यांपासून वाचवतो. ती एका कॅप्टनशी लग्न करते आणि म्हातारपणी अशिक्षित गिलची हकिगत तीच लिहून घेते. ऐतिहासिक, प्रेमाची, नाताळची. वाचताना गळा दाटतोच, कबूल. पण त्या बेटावर इंग्रजांशी गोड बोलून त्यांचा घात करणारा एक काळा नोकर आहे आणि त्याला शेवटी जनावरासारखं मारलं जातं. तो नोकर म्हणजे १८५७चा हिंदुस्थानी शिपाई, हे त्या वेळच्या वाचकाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

त्याच वर्षी जूनमध्ये आमच्या शेजारी औरंगाबादला काय झालं होतं? हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यात कुजबुज सुरू झाली, की आपल्याला दिल्लीच्या बादशाहविरुद्ध नेणार. शिपायांनी नकार दिला. पुण्याकडून जनरल वुडबर्नची पलटण आली. मीर फिदा अली याने कॅप्टन अॅबटवर गोळी झाडली, ती चुकली, आणि त्याला फाशी दिलं गेलं. काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. क्रांती चौकातला काळा चबुतरा म्हणजे तीच जागा. लंडनमध्ये शेकोटीभोवती बसून लोकांनी घातकी नोकराची गोष्ट वाचली, तेव्हा फिदा अलीला जाऊन सहा महिने झाले होते. त्याची बाजू सांगणारा नाताळ अंक कुठेही निघाला नाही.

एक इंग्रज मात्र वेगळा होता, त्याचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. फिलिप मेडोज टेलर. पोरवयात हिंदुस्थानात आला, निजामाच्या नोकरीत लागला, औरंगाबाद, तुळजापूर, शोरापूर, नळदुर्ग अशा मुलखात राहिला. १८५७ला त्याला बुलढाण्याला पाठवलं होतं, म्हणजे जालन्याच्या अगदी शेजारी. त्याची बायको मेरी पामर ही हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी, आणि या पामरांची आई फैज बख्श बेगम, खैरुन्निसाची जिवाभावाची मैत्रीण. म्हणजे टेलरच्या घरातच ही मिश्र दुनिया होती.

त्याने तीन ऐतिहासिक कादंबऱ्या शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने बेतल्या. १६५७, १७५७ आणि १८५७. पहिली ‘तारा’ (१८६३). तुळजापूरच्या एका ब्राह्मण शास्त्र्याची विधवा मुलगी तारा आणि अफजलखानाचा मुलगा फाजिल. तो तिचा नायक आहे, अपहरण करणारा नाही. शेवटी दोघांचं लग्न होतं. मराठी ऐतिहासिक कादंबरी जन्मायच्या आधीची ही गोष्ट. गुंजीकरांची ‘मोचनगड’ यायला अजून आठ वर्षं होती. टेलर इंग्रज होता, त्याच्या नजरेतही साहेबीपणा आहे, हे मी विसरत नाही. तरीही विचारतो, त्यानंतरच्या दीडशे वर्षांत मराठी ऐतिहासिक कथेत मुसलमान तरुण प्रेमिक म्हणून किती वेळा आला? सरदार म्हणून येतो, क्रूर सुभेदार म्हणून येतो, एखादा इमानी सेवक म्हणूनही येतो. प्रेम करताना आला की वाचकाला संशय येतो. आज ‘तारा’सारखं कथानक घेऊन कुणी प्रकाशकाकडे गेलं, तर तो आधी वकिलाला विचारेल.

टेलरलाही मर्यादा होती म्हणा. ‘सीता’ (१८७२) मध्ये इंग्रज अधिकारी हिंदू विधवेशी लग्न करतो, पण शेवटी सीता त्याला वाचवताना मरते आणि साहेब इंग्रज मुलीशी संसार थाटतो. हिंदुस्थानी बायकोला गोष्ट संपेपर्यंत जगू द्यायचं नाही, हा नियम त्यालाही मोडवला नाही.

जालन्याचा आपला नाताळ

जालन्याला नाताळ फक्त छावणीतल्या साहेबांचा नव्हता. डिकन्सचं ‘कॅरल’ निघालं त्याच १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलगा आईबापांना परत मिळाला. पण त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मोठं वादळ उठलं. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याला घ्यावं या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी त्याचा त्रास सोसला.

नारायण शेषाद्री पुढे रेव्हरंड झाले आणि त्यांनी जालना हे आपलं कार्यक्षेत्र केलं. त्यांच्याकडे आलेले लोक मुख्यतः मांग समाजातले. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली आणि जालन्याजवळ ‘बेथेल’ हे ख्रिस्ती गाव वसलं. एका मुसलमान दिवाणाने दिलेल्या जमिनीवर, ब्राह्मण घरातून आलेल्या पाद्र्याने, मांगांसाठी वसवलेलं ख्रिस्ती गाव. शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत पागोटं बांधून बोलले. तिथल्या नाताळच्या गोष्टींतल्या कुठल्याही ‘ईस्टर्न’ पात्रापेक्षा हा माणूस अधिक रंजक होता.

ईसा अलैहिस्सलाम आणि बीबी मरियम आमच्या घरांना परके नाहीत. कुरआनात मरियमच्या प्रसूतीच्या कळा आहेत, खजुराचं झाड आहे, एकटेपण आहे. त्यामुळे ख्रिस्ती शेजाऱ्याला नाताळच्या शुभेच्छा देताना आमच्या मोहल्ल्यातल्या थोरांना कधी फार विचार करावा लागला नाही. अलीकडे करावा लागतो, हे दुर्दैव.

आता मराठी कथेपुरतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तो इंग्रजी मासिकांचे नाताळ अंक पाहून. म्हणजे ज्या दिवाळी अंकाचा आपल्याला इतका अभिमान आहे, त्याचं मूळ नाताळच्या गोष्टींत आहे. त्या अंकांत ऐतिहासिक प्रेमकथा भरपूर आल्या. गड आले, वाडे आले, बुरुजावरची चांदणी रात्र आली. जालन्याची छावणी, बेथेलची शाळा, जुम्मा दरवाजामागची अरब कुटुंबं मात्र आली नाहीत. आणि खैरुन्निसाचं घराणं निजामाच्या मराठी प्रजेला परकं नसूनही ती मराठीत आली ती इंग्रजी पुस्तकाच्या वाटेने.

किटीचं पुढे काय झालं ते राहिलं. ती इंग्लंडात वाढली. तरुण थॉमस कार्लाइल तिच्यावर भाळला होता. त्याच्या ‘सार्टर रिसार्टस’मधली ब्लूमीन तिच्यावरून घेतली असं मानतात. भाऊ १८२८ साली गेला. दुसऱ्या वर्षी तिने फिलिप्स नावाच्या कॅप्टनशी लग्न केलं, अगदी नाताळच्या गोष्टीतल्यासारखं. मग १८४१च्या सुमारास, आईला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाल्यावर, तिला कळलं की हैदराबादेत आजी शरफुन्निसा अजून जिवंत आहे. पत्रव्यवहार सुरू झाला, आणि तो घडवून आणायला मदत केली त्याच हेन्री रसेलने. आजी फारसीत मजकूर सांगायची, नात इंग्रजीत लिहायची. दोघींच्या मध्ये कुणीतरी तर्जुमा करणारा बसलेला असे. आजी त्यानंतर काही वर्षांनी गेली. किटी १८८९ साली टॉर्की इथे वारली. दोघींची भेट झाली नाही.